मायच्या सीटखालचे शॉकअप

"मॅडम, ही गाडी आता भंगारात टाका आन् एक चांगली नवी घ्या," यवतमाळच्या एका पार्टवाल्यानं मला सांगितलं. मी त्याला विचारलं, "तुमच्या घरी म्हातारं माणूस हाय का?" तो म्हणाला, "हाय ना, वडील हायत." "मंग त्यायले टाकलं का भंगारात?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. दुकानदार नाही हसला, आणि मीही नाही. सारी नोकरी सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून गेली माझी. माझा आवाज वॉर्डाच्या या दारापासून त्या दारापर्यंत पोचेल असाच घडलेला आहे, त्याला आता कोण काय करणार?

मागचे शॉकअप पाहिजे होते मला. आमच्या पांढऱ्या अँबेसेडरचे. बस, एवढंच मागत होते. पण मी जणू हत्तीचं पिल्लू मागितलं अशा चेहऱ्यानं लोक माझ्याकडे बघायचे.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही आत्ताआत्तापर्यंत कळत नव्हतं. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची एक चळत असते, तिला पाटे म्हणतात. खड्डा आला की ते दबतात, मग उसळतात. ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं. हातभर लांब नळी, आत तेल, तेलात फिरणारा दांडा. शॉकअपमधलं तेल गळून गेलं की गाडीला आवर राहत नाही. एका गतिरोधकावर ती एकदा नाही, चारदा नाचते, आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाची हाडं तेवढ्या वेळा वाजतात. आमच्या गाडीत मागच्या सीटवर कोण बसतं? माय.

माय ऐंशीच्या पुढची. आर्णीला माझ्याजवळ राहते. दीड वर्षापूर्वी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि आता ती घरभर ठकठक करत फिरते, माझ्या भाजीला नावं ठेवते. प्रकृती एकूण ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, पण खोल सीटवर बसायचं नाही, उंच चढायचं नाही, आणि हिसका म्हणून बसता कामा नये. आता मला सांगा, आपल्या रस्त्यांवर असा प्रवास कोणता असतो?

तिला मात्र जायचं होतं. मारेगावच्या पुढे एका खेड्यात माझी मावशी राहते, तिची एकुलती एक बहीण. आक्का. मायपेक्षा मोठी, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. या दोघी बहिणींनी जन्मात कधी एकमेकींशिवाय वर्ष काढलं नव्हतं, आणि आता दोघी दोन गावांत दोन खाटांवर. फोन लावून द्यायचे मी. दोघींनाही ऐकू कमी. दोघी एकदमच बोलायच्या, आणि मग माय माझ्या हातात फोन देऊन विचारायची, "काय म्हनते आक्का?"

"म्हणते, तुला ऐकू येत नाही."

"तिले कुठं येते!"

असं हसण्यावारी चाललं होतं. पण थंडी सुरू झाली तेव्हा मावशी एकदा फोनवर अगदी स्पष्ट बोलली. "तू एकडाव ये वं. मले दिसत नाही, पन हात लावून पाहीन तुले." मायनं फोन ठेवला. दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही, भाजीलासुद्धा नावं ठेवली नाहीत. मग म्हणाली, "मले आक्काकडं ने." आयुष्यभर कितीतरी लोकांना मी "होईल हो, सगळं ठीक होईल" म्हणून सांगितलं असेल, पण मायला तसं पोकळ सांगायची माझी जीभ धजावली नाही. नेते म्हटलं, आणि कामाला लागले.

गाड्या काय, ढीगभर मिळाल्या. भावानं त्याची उंच गाडी आणली. माय पायरीपाशी उभी राहून वर पाहू लागली, म्हणाली, "शिडी कुठं हाय?" शेजाऱ्यांनी त्यांची छोटी गाडी आणली. तिच्यात माय बसली खरी, पण गुडघे छातीला लागले, आणि बाहेर काढताना मी, शेजारी आणि शेजारीण असे तिघं घामाघूम झालो. मग कुणीतरी म्हणालं, अँब्युलन्स करा. हे ऐकल्यावर माय जी कडाडली! "मी मेली नाही अजून. आक्काच्या दारात मी आडवी कायले जाऊ? मी बसून जाईन."

राहिली आमची अँबेसेडर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. तिच्या मागच्या सीटवर आधी मोठमोठे साहेब बसून गेलेले. गाडी घरी आणली त्या दिवशी बाबांनी मागचं दार उघडून मायला म्हटलं होतं, "बसा साहेब." तेव्हापासून माय कधी पुढे बसली नाही. त्या गाडीचं दार असं सताड उघडतं की पाठ करून टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. सीट घरातल्या बाजेच्या उंचीची. खुब्याच्या पेशंटला यापेक्षा चांगली गाडी कारखान्यात सांगून बनवली तरी बनणार नाही. इंजिन चालू, ब्रेक चालू, कागदपत्रं ठीक. मेले होते फक्त मागचे शॉकअप.

मेकॅनिकनं ते काढून दिले. हा आमच्या आर्णीचा जुना माणूस, गाडी बाबांच्या वेळेपासून त्याच्याच हाताखाली. म्हणाला, "सिस्टर, नमुना संगं न्या. कुठंबी भेटले तं आना, मी बसवून देतो. नाही तं टेम्पोचे बसवू." टेम्पोचे! तूरडाळ न्यायची आहे का मला? मी ते दोन्ही शॉकअप युरियाच्या रिकाम्या पोत्यात घातले आणि हिंडायला सुरुवात केली.

आर्णीत तर मोटरसायकलचंच राज्य. एकानं फार प्रेमानं विचारलं, "मोटरसायकलचे चार लावले तं चालन का?" यवतमाळात भंगारवाल्यापर्यंत जाऊन आले. फोनवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे, त्यात शिरले. तिथले लोक गाडीला फुलांचा हार घालून फोटो टाकतात, पण शॉकअप मागितले की हात जोडलेलं चित्र पाठवतात. नागपूरला गेले. तिथं एकानं काळेभोर, चकचकीत शॉकअप काढून समोर ठेवले. "नवाकोरा माल, ताई." मी एक उभा धरला आणि वरून अंगाचा भार टाकला. भसकन खाली गेला, आणि तिथंच बसला. परत वर यायचं नावच नाही. रंगाचा वास तर अजून ओला. मी म्हटलं, "भाऊ, याले पांढरं फडकं गुंडाळा, हा गेला." तो हिंदीत काहीतरी पुटपुटला. मी त्याहून शुद्ध हिंदीत उत्तर दिलं आणि बसस्टँड गाठलं.

बसमध्ये कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काय हाय याच्यात?" मी म्हटलं, "तोफ हाय. उडवू का?" त्यानंतर त्यानं मला चांगली खिडकीची जागा करून दिली.

खरं सांगते, त्या परतीच्या बसमध्ये मी हरले होते. माय दारातच बसलेली असणार आणि पोत्याकडे बघणार, हे मला माहीत होतं. ती विचारत नसे. नुसती पोत्याकडे बघे, आणि मग म्हणे, "हातपाय धू, जेवून घे." त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

पत्ता लागला तो माझ्या जुन्या मैत्रिणीमुळे. पांढरकवड्याच्या दवाखान्यात आम्ही दोघी एकत्र होतो. तिला फोनवर हे सगळं रामायण सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आपल्या केळापूरच्या रस्त्यावर ते कृषी केंद्र नाही का? त्याच्या बोर्डाखालचं जुनं नाव अजून दिसतं बघ. मोटर पार्टचं होतं ते. हैदराबादकडे जाणारे टॅक्सीवाले सगळे तिथंच थांबायचे." दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन मी पुन्हा बसमध्ये.

दुकान सापडलं. बियाण्यांच्या पिशव्या, फवारणीचे पंप, औषधांचा उग्र वास. मालक साठीचा, कपाळाला गंध, बोलायला गोड. मी पोतं उघडलं, नमुना दाखवला. तो हसला. "ताई, किती वर्सांनी पाह्यले! हे तर आमचं जुनं दैवत." आणि त्याची नजर जरा वर गेली. मी ती नजर सोडली नाही. पेशंट दुखतं कुठं हे सांगत नाही, पण तिकडे बघतो जरूर. वरच्या फळीवर लक्ष्मीचा फोटो होता, आणि फोटोशेजारी एक लांबट खोका. खोक्यावर हळदकुंकवाचे थरावर थर.

"ते काय हाय?" मी विचारलं.

"ते नाही देत, ताई."

"म्हणजे तेच हाय!"

"हाय तेच. जोडी हाय, कंपनीचं सील हाय. पन ते विकाले नाही." मग त्यानं मला समजावून सांगितलं. त्याचे वडील म्हणायचे, धंदा बदला, पण जुन्या धंद्याचा शेवटचा नग दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. फळी रिकामी झाली की बरकत जाते. टॅक्स्या बंद झाल्या, वडिलांनी बियाणं-खताचं दुकान केलं, सगळा जुना माल विकला, आणि ही एक जोडी ठेवली. दर लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू लागतं. "माहे वडील गेले, पन त्यायचा शब्द हाय," तो म्हणाला.

आधी माझं डोकं फिरलंच. तिकडे माझी माय खाटेवर, आणि इकडे यांच्या लोखंडाला कुंकू! तोंडावर आलं होतं सगळं. पण त्या माणसानं वडिलांचं नाव घेतलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बाबांच्या गाडीसाठी मी पोतं घेऊन गावोगाव फिरते आहे, मग याच्या बापाच्या शब्दाला मी काय नावं ठेवू? मी स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं. मी त्याला मायचं सांगितलं, मावशीचं सांगितलं, हात लावून पाहीन म्हणाली तेही सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण मान काही हलेना. "समजते हो ताई. पन फळी रिकामी नाही करता येत."

फळी रिकामी नाही करता येत. हे तो तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

"दादा," मी म्हटलं, "रिकामी कोन करून राह्यलं? या पोत्यात काय हाय? हेबी शॉकअपच हाय ना? याच गाडीचे हाय ना? हे ठेवा फळीवर. तुमच्या लक्ष्मीले काय त्या गाडीत बसून मारेगावले जायचं हाय का? पूजेले चालू लागते का बंद, हे तुमच्या वडिलांनी सांगतलं होतं का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या मेलेल्या शॉकअपकडे. मग फोटोकडे. आणि मग असा हसत सुटला की पाठीमागच्या घरातून त्याची बायको हात पुसत बाहेर आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग देऊन टाका ना! माहेरी जाऊन राह्यली त्यायची माय." मारेगावचं ते माहेर नव्हतं, बहिणीचं घर होतं, पण मी म्हटलं, असू दे, बाईच्या तोंडून आलं आहे तर माहेरच.

खोका खाली आला. मी एक शॉकअप उभा धरला, वरून भार टाकला. बीपीच्या मशीनचा पारा उतरतो तसा तो सावकाश खाली गेला, आणि सोडल्यावर तसाच सावकाश वर आला. इतकी वर्षं फळीवर राहून आतलं तेल जसंच्या तसं. त्यानं रीतसर बिल केलं. माझे दोन मेलेले शॉकअप फडक्यानं पुसून लक्ष्मीशेजारी ठेवले आणि ताबडतोब त्यांना हळदकुंकू लावलं. नव्या जोडीवरचं कुंकू मी पुसणार, तर तो म्हणाला, "राहू द्या ना, ताई." आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात हळदकुंकवाचं काही काम नाही. पण त्या दिवशी मी म्हटलं, राहू दे बापा. शॉकअपची जात-धरम मी कायले विचारू? परतीच्या बसमध्ये ते पोतं मी मांडीवर घेऊन बसले होते.

रविवारी सकाळी मेकॅनिक आमच्या अंगणातच जॅक आणि पाने घेऊन आला. माय ओट्यावर खुर्ची टाकून बसली, नवी पांढरी साडी नेसून, जणू अर्ध्या तासात निघायचंच आहे. मेकॅनिक गाडीखाली शिरला. वरचा नट लागला. मग बराच वेळ नुसती खाटखूट. मग आतून आवाज आला, "सिस्टर, हे पुरत नाही."

"म्हणजे?"

"तीन बोटं कमी पडून राह्यलं. खालचा बोल्ट लागत नाही."

दुसऱ्या बाजूलाही तेच. तो बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "काही नाही. जुने आना. जुन्याले मी खालून जोड मारला होता वेल्डिंगचा. तो कापतो आन् याले मारतो."

जुने! गंजाखालचा तो जोड ना मला दिसला होता ना दुकानदाराला, आणि जुने तर केळापूरच्या रस्त्यावर लक्ष्मीच्या बाजूला कुंकू लावून बसले होते. आणि असते तरी या कोऱ्या जोडीला मी वेल्डिंगची ज्योत लावू दिली नसती, आतल्या तेलाचं काय झालं असतं कुणास ठाऊक. मी मटकन ओट्यावर बसले. मला रडू येत होतं. माय माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पण रडणं माझ्या अंगाला फार वेळ टिकत नाही, त्याचा राग होतो. मी उठले आणि मेकॅनिकला धरलं, वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना धरतात तसं.

"जोड काहून मारला होता?"

"पुरत नव्हते, सिस्टर."

"काहून पुरत नव्हते?"

"आता पुरत नव्हते म्हणजे पुरत नव्हते."

"गाडी तीच. चाकं त्याच मापाची. कंपनीचा माल कंपनीच्या गाडीले काहून पुरत नव्हता, मले सांग. गाडी का रबराची हाय?"

तो डोकं खाजवू लागला. तेवढ्यात ओट्यावरून माय म्हणाली, "गाडी उंच झाली नं मंग."

"काय?"

"उंच झाली. पह्यले मी गाडीत बसत होती. मंग चढा लागे. मी बोलली होती तुह्या भावाले. तो म्हने, माय, गाडी नाही उंच झाली, तूच खाली चालली."

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो परत गाडीखाली शिरला, या वेळी जरा घाईनं. "सिस्टर," आतून बारीक आवाज आला, "पाटे वाढवेल हाय."

"कोणी वाढवले?"

"मीच वाढवले."

मी भावाला फोन लावला. माझी नोकरी बाहेरगावी होती तेव्हा काही वर्षं गाडी त्याच्याकडे शेतावर होती. तो अगदी निवांत बोलला. "हो ना ताई, तीन पाटे टाकले होते. कापसाच्या गठोड्या न्याच्या असत ना डिक्कीत, मांगच्या सीटवर. सगळेच टाकतात. काहून, काय झालं?"

सगळेच टाकतात, हे मात्र खरं. आमच्या जिल्ह्यात गाडी घेतली की आधी हार, मग लिंबू, मग पाटा. ऑटो असो, जीप असो, कोणाच्या लग्नातली गाडी असो, लोड घ्यायचाच आहे हे गृहीत. मेकॅनिक पाटे वाढवतो, आणि विसरूनही जातो, कारण तो कोणाचे वाढवत नाही? गाडी तीन पाट्यांनी उचलली, शॉकअप ताणले गेले, पुरेनात म्हणून त्यांना जोड मारला, ताणूनताणून त्यांचं तेल गळलं, आणि मी मात्र नागपूरपर्यंत शॉकअपचं औषध शोधत हिंडले. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला! हे मी फोनवर इतक्या जोरात म्हटलं की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

"काढ ते पाटे," मी मेकॅनिकला सांगितलं.

"काढले तं लोड कसा घेसान, सिस्टर?"

"अरे भैताडा, लोड म्हणजे माझी माय! चाळीस किलो भरत नाही ती!"

हे ऐकून माय ओट्यावर खुदुखुदु हसू लागली. मेकॅनिकही हसला, आणि कान पकडून कामाला लागला. दुपारपर्यंत गंजलेल्या बोल्टांशी त्याची झटापट चालली. तीन पाटे एकेक करून अंगणात पडले. जॅक उतरवला तशी गाडी मागून खाली आली, आणि आली तशी मला बाबांच्या वेळची गाडी दिसली. इतकी वर्षं तिचं ढुंगण वर होतं हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फक्त मायच्या आलं होतं, कारण तिच्या पायांना ते कळत होतं.

मेकॅनिकनं शॉकअप खाली ओढला. भोकासमोर भोक. बोल्ट बोटानं आत गेला, हातोडी लागलीच नाही. दुसरी बाजूही तशीच. मग त्यानं डिक्कीवर दोन्ही हात टेकून अंगाचं सगळं वजन टाकलं आणि सोडलं. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली, आणि थांबली. एकदाच! मी टाळ्या पिटल्या. गॅलरीतल्यांनीही पिटल्या, त्यांना काय कळलं होतं देव जाणे. मी मागे वळून पाहते तर माय वॉकर घेऊन ओट्यावरून उतरून आलेली. तिनं दार उघडायला सांगितलं. पाठ केली, टेकली, एक पाय आत घेतला, मग दुसरा. कोणाचा हात घेतला नाही. "बसली," ती म्हणाली, आणि आमच्या सगळ्यांकडे अशी पाहू लागली, जणू आम्हीच काय ते इतकी वर्षं उशीर केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, गाडी मीच चालवत होते. यवतमाळपर्यंत रस्ता चांगला. पुढे जोडमोहा, मोहदा, करंजी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया वाकलेल्या. पहिला गतिरोधक आला तेव्हा माझा जीव मुठीत. मी आरशात पाहिलं. गाडी खाली गेली, वर आली, बस. "मांगं काय पाहून राह्यली?" माय ओरडली. "समोर पाह्य. दोघींले मारशीन." त्यानंतर मी समोरच पाहिलं, पण गाणं म्हणत पाहिलं. इतका आनंद मला नोकरीचा कागद हातात आला तेव्हाही झाला नव्हता.

मारेगाव गेलं, डांबर संपलं, खेड्याचा खडकाळ रस्ता लागला, तरी मागून एकदाही "आई गं" ऐकू आलं नाही. मावशीच्या अंगणात गाडी उभी केली. मावशी बाजेवर बसलेली. आवाज ऐकून भिंत धरतधरत उठली. मी मायला उतरवायला खाली उतरले, तोवर मावशी गाडीपर्यंत पोचलीसुद्धा. तिनं दार चाचपलं, काच चाचपली, मग आत हात घालून मायचं तोंड धरलं. कपाळ, गाल, हनुवटी. दोघींपैकी कोणीच जयभीम घातला नाही, विसरूनच गेल्या.

"बारीक झाली वं," मावशी म्हणाली.

"तुले दिसते का?"

"हाताले दिसते."

माय रडली. मावशी रडली नाही, तिनं मायच्या खांद्याला एक धक्का दिला. "उतरू नको. सरक तिकडं."

मी पुढे झाले, हात द्यायला. मावशीला हात नको होता. तिनं मागे पाय टेकवून सीट चाचपली, पाठ केली आणि बसली, घरात बाजेवर बसावी तशी. तिची सून दारात तोंडावर पदर धरून उभी राहिली. जीपमध्ये चढता येत नाही, ऑटोत वाकता येत नाही, म्हणून सासूबाई मागच्या दिवाळीपासून अंगणाच्या बाहेर गेल्या नाहीत, असं ती मला हळूच म्हणाली. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. मी इतके दिवस एका म्हातारीसाठी शॉकअप शोधत होते.

"चाल," मावशी मागून म्हणाली.

"कुठं जायचं, मावशी?"

"कुठंबी. चाल."

मी गाडी काढली. विहारावरून नेली, शाळेवरून नेली, नाल्याच्या पुलावरून पलीकडच्या शेतांत नेली. मागे दोघी हातात हात घालून बसलेल्या, आणि दोघींची तोंडं चालू. माय सांगत होती काय दिसतं आहे, मावशी सांगत होती तिथं आधी काय होतं. "हे कोनाचं घर वं, निळं?" "निळं? ते नवं असन. तिथं चिंच होती." लोक थांबून बघत होते. एका माणसानं विचारलं, "आजी, कुठं चालल्या?" मावशीनं आवाजाच्या दिशेनं हात हलवला आणि उत्तर दिलं नाही.

गोल फिरून आम्ही परत मावशीच्या दारापाशी आलो. सून चहा घेऊन उभी होती. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नको," मागून दोघी एकदम म्हणाल्या.

मी ब्रेकवरचा पाय काढला.